चूल कोणाची

देशकरांचं घर अकरा वर्षं बंद होतं. मालक पुण्याला गेले ते परतले नाहीत. दोन वर्षांपूर्वी सेवंता नावाची भिवापूरकडची बाई नवऱ्याला घेऊन त्या घरात शिरली आणि राहिली. कुलूप कोणी तोडलं ते कोणी पाहिलं नाही. तिची आणि माझी भिंत एकच.

जरीपटक्याच्या आमच्या गल्लीत तिला काढायची भाषा पहिल्या दिवसापासून होती. गोपाळराव कोर्टात बेलीफ होते, आता रिटायर. ते म्हणायचे, "कब्जाची केस मालकानं लावायची असते. लावली तरी आपले नातू तारखा करतीन. उपद्रवाचा अर्ज टाका. त्याले मालक लागत नाही, त्रास झालेला माणूस लागते. रुखमाबाई, भिंत तुमची लागून हाये. सही तुमचीच पाहिजे."

दोन वर्षं मी सही दिली नाही. मला तिचा काही त्रास नव्हता.

मग या उन्हाळ्यात कुरोड्या आल्या.

तीस वर्षं गल्लीतल्या कुरोड्यांचा चीक चुलीवर मीच हाटला. गहू भिजवणं, वाटणं, पिळणं कोणीही करतं. पण चीक शिजला की नाही ते माझं बोट सांगायचं. ओलं बोट लावून पाहायची, चिकटलं नाही की म्हणायची, "उतरवा वं." तोवर चुलीवरच्या मोठ्या पातेल्याला, गंजाला, कोणी हात लावत नसे. माझ्या दारासमोर, रस्त्याच्या कडेला चूल मीच घातलेली. गंजही माझाच, त्यावर माझं नाव कोरलेलं.

यंदा पहिल्याच दिवशी माझा खांदा धरला. मी म्हटलं, आज बसते. पार्वतीबाईनं चीक हाटायचा लाकडी चाटू सेवंताच्या हाती दिला. त्या कुरोड्या पांढऱ्याशुभ्र झाल्या आणि तळल्यावर कढईभर फुलल्या. पार्वतीबाई माझी चाळीस वर्षांची सोबतीण. ती मला म्हणते, "रुखमे, आता तू आराम कर वं. सेवंताचा हात लय बसला."

पुढच्या खेपेला मला कोणी हाक मारली नाही. गंज तेवढा चुलीवर नेला. मी खिडकीतून पाहत होते. चीक हाटताना बाया हसत होत्या. तीस वर्षांत माझ्या चुलीपाशी कोणी हसलं नव्हतं. मी हसू देत नव्हते.

संध्याकाळी मी गोपाळरावांकडे गेले. "लिहा," म्हटलं.

"सेवंताचा त्रास कोणता लिहू?"

"धूर. रस्त्यात वाळवणाच्या खाटा. गव्हाचं आंबट पाणी, गल्लीभर वास."

त्यांनी भराभर लिहिलं. सही मी पन्नाशीनंतर शिकले, मला वेळ लागतो. त्या दिवशी लागला नाही.

आठ दिवसांनी महापालिकेच्या उपद्रव पथकाची गाडी आली ती नेमकी चीक चुलीवर असताना. साहेब तरुण होता. त्यानं कागद पाहिला, गल्ली पाहिली.

"धूर, खाटा, सांडपाणी. सगळंच हाये इथं. चूल कोणाची?"

सगळ्या बायांनी माझ्या दाराकडे पाहिलं. मी दारातच उभी होते. सेवंतानंही पाहिलं. हातातला चाटू न थांबवता ती म्हणाली, "माही हाये साहेब."

मला वाचवायला म्हणाली, हे मला तेव्हाही कळलं. पलीकडून गोपाळराव डोळ्यांनी खुणावत होते, गप्प राहा. साहेब लिहायला लागला होता, "चूल आणि गंज, सेवंता..."

गंजही तिचाच? गप्प राहिले असते तर ती गल्लीतून गेली असती. पण माझं तोंडच थांबेना.

"तिची कशी असंन? माही चूल हाये! तीस वर्षांची. गंजावरचं नाव वाचा!"

साहेबानं काजळी पुसून नाव वाचलं. मग पुन्हा कागद पाहिला. "आजी, तक्रार करणारीचं नावही हेच हाये."

पार्वतीबाई माझ्याकडे पाहतच राहिली. "म्हणजे तूनंच वं, रुखमे? काहून?"

मी पलीकडे पाहिलं. गोपाळराव घरात निघून गेले होते.

साहेब म्हणाला, "चूल आज काढा. तक्रार मागं घेता, की तुमच्याच नावानं नोटीस काढू?" मी दुसरी सही केली.

गाडी गेली. सेवंता एवढंच म्हणाली, "मोठीमाय, चीक बुडाशी लागून राहिला." चौघींनी गंज उचलला आणि तिच्या अंगणात नेला. अंगण काही रस्ता नाही, तिथं रस्त्याचा अर्ज चालत नाही. मी लोखंडी सब्बल आणली आणि माझी चूल माझ्या हातानं फोडली. खांदा दुखला. मदतीला कोणी आलं नाही.

दिवस मावळायच्या आधी दोघींच्या अंगणामधल्या भिंतीवर वाटी दिसली. गरम चीक, वर कच्चं तेल. मी गुठळी शोधली. नव्हती. मीठही बरोबर होतं, तेच मनाला जास्त लागलं. वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि भिंतीवरून ओरडले, "हिंग कमी हाये!"

पलीकडून आवाज आला, "मग उद्या येऊन टाका ना, मोठीमाय."

मी वाटी घासून भिंतीवर ठेवली. गंज तिकडेच आहे. त्यावर माझं नाव आहे. तो आणायला तरी मला जावंच लागेल.