सकाळी आठचा रिपोर्ट

मित्रांनो, मी नसा तपासणारी एक जुनी मशीन आहे. नागपूरच्या एका दवाखान्यात असते. खोटं बोलणं मला येत नाही, आणि तेच माझं दुःख आहे.

माझं काम सोपं. हाताच्या नसेला लागोपाठ बारीक झटके द्यायचे आणि स्नायू दमतो का, ते पडद्यावर दाखवायचं. दमला तर रेघा बुटक्या होत जातात. नवी होते तेव्हा मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांना बोलावून मला दाखवत. आता माझ्यावर चहाचे कप ठेवतात. ठेवा बापडे.

मला चालवणारे केशवराव भला माणूस. त्यांचा एक नियम होता, बाहेरगावचा पेशंट सकाळी पहिला, म्हणजे बिचाऱ्याला परतीची बस मिळते. मलाही त्याचा अभिमान वाटे.

त्या नियमानेच उमरेडच्या रुख्मिणीबाई सकाळी आठला माझ्यापुढे बसल्या. हातमागावर आयुष्य गेलेलं. आदल्या दिवशीच नागपूरजवळ बेसाला भाचीकडे येऊन गाढ झोपल्या होत्या, त्यामुळे ताज्यातवान्या. सोबत नवरा, मारोतराव.

"भाऊ, सकाळी हिले काहीच होत नाही," मारोतराव हळूच म्हणाले. "सांजच्याले पापण्या पडते. घास गिळल्या जात नाही. दुपारून करा न."

"दुपारून केलं त बस जाईन तुमची, काका. मशीन थोडीच घड्याळ पाहते?" केशवराव म्हणाले.

मी नाही पाहत हो, पण दुखणं पाहतं. दमण्याचंच दुखणं ते, विसावा मिळाला की लपून बसतं. रेघा एकसारख्या उंच आल्या. कागदावर 'नॉर्मल' उमटलं. मनाचा अशक्तपणा आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि दोघं खुशीत घरी गेले.

तीन महिन्यांनी मारोतराव एकटेच आले. एका संध्याकाळी जेवताना रुख्मिणीबाईंना घास अडकला, मग श्वासही दमला. दवाखान्यात पोचेपर्यंत बाई गेल्या. मारोतरावांनी माझा कागद केशवरावांपुढे उलगडला.

"याच्यात त चांगली हाय न ते," म्हणाले. "मंग गेली काहून?"

केशवरावांनी कागदावरच्या वेळेवर बोट ठेवलं, सकाळी आठ. पुढचं सांगायला मला तोंडच नाही.

मित्रांनो, घरातलं कोणी म्हणालं की मला अमुक वेळेला त्रास होतो, तर सकाळचा कागद दाखवून त्याला खोटं पाडू नका. त्याच वेळेला तपासा म्हणून हट्ट धरा, लाजू नका. केशवराव भले होते, मारोतराव भिडस्त होते आणि मी खरं बोलत होते. आम्ही तिघांनी मिळून एक बाई घालवली.