नागरिक प्रतिनिधीची जागा

रिकाम्या जागा भरणं हे माझं काम. राज्याच्या आपत्कालीन वैद्यकीय सेवेवर लक्ष ठेवायला एक मंडळ आहे, जालन्यात त्याची जिल्हा समिती आहे, आणि त्या समितीचा मी कारकून. समितीत जागा पाच. त्यातल्या तीन गेली दोन वर्षं रिकाम्या. तिघं हजर असल्याशिवाय बैठक भरत नाही, त्यामुळे अँब्युलन्सबद्दलच्या तक्रारी कपाटात धूळ खात पडलेल्या.

माणसं शोधून मी थकलो. डॉक्टर म्हणायचे वेळ नाही. एका पुढाऱ्याने पहिलाच प्रश्न केला, सदस्याला गाडी मिळते का? मिळत नाही म्हटल्यावर त्याने मला चहाही न विचारता वाटेला लावलं.

कपाटात सगळ्यात वर होती ती सत्यशीलाबाईंची तक्रार. बाई कुंभार पिंपळगावच्या, चौथीला त्यांनीच मला शिकवलं. त्यांची मुलगी संध्या माहेरी बाळंत झाली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तिला रक्तस्राव सुरू झाला. बाईंनी सात वेळा फोन केला आणि सातही वेळा एकच उत्तर मिळालं, गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली आहे, थांबा. अडीच तासांनी शेजाऱ्याची जीप मिळाली, पण वाटेत, घनसावंगी यायच्या आतच संध्या गेली. बाईंची तक्रार एका ओळीची होती. त्या दिवशी गाडी कुठे होती?

एवढ्यासाठी त्या दर महिन्याला बसने जालन्याला यायच्या.

"रामप्रसाद, भरली का रे जागा?"

"न्हाई बाई."

"मंग पुढल्या महिन्यात येते."

अशाच एका खेपेला मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, तुम्हीच व्हा की सदस्य. नागरिक प्रतिनिधीची जागा रिकामी हाय. तुम्ही बसल्या की तीन पूर्ण होतात. मंग तुमचंच प्रकरण पहिलं काढू."

"चालतं का असं?"

"बिलकुल चालतं."

माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती कोण जाणे. आमच्या ऑफिसची पद्धत अशी, की सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारायची आणि कागद पुढे सरकवायचे. वाचत कोणी बसत नाही. वाचल्याशिवाय सही करायची नाही हे बाईंनीच आम्हाला वर्गात शिकवलं होतं, पण इथे समोर त्यांचा विद्यार्थी होता. नऊ फुल्यांवर त्यांनी नऊ सह्या केल्या. सातवं पान मीही वाचलेलं नव्हतं.

चार महिन्यांनी मंजुरी आली आणि बैठक भरली. अध्यक्ष डॉक्टर होते, एक सरकारी अधिकारी होते आणि तिसऱ्या बाई. अध्यक्ष भला माणूस, त्यांच्यावर राग धरायचं म्हटलं तरी मला जमत नाही. त्यांनी पहिली तक्रार हातात घेतली, नाव वाचलं आणि बाईंच्या कागदांतलं सातवं पान उघडलं. त्यावर छापलेलं होतं, माझे स्वतःचे कोणतेही प्रकरण समितीपुढे नाही. खाली बाईंची वळणदार सही.

"बाई, दोन्ही चालत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "तक्रार ठेवायची तर ही जागा सोडावी लागेल. मग आम्ही दोघंच उरतो आणि बैठक इथेच संपते. जागा ठेवायची तर तक्रार मागे घ्यावी लागेल."

"मागे घेतली तर नंतर परत देता येते का?"

"नाही. ते प्रकरण मग कोणालाच काढता येत नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. चारचौघांत कान धरला असता तरी चाललं असतं, पण त्या नुसत्या बघत राहिल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर बाकावर सहा घरची माणसं बसली होती. त्यांचीही दोन वर्षं अशीच गेली होती.

बाईंनी दारातून त्या बाकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्या लोकायला आजून किती फेऱ्या मारायला लावायच्या? लिही रामप्रसाद. मागे घेतली."

मी लिहिलं. त्या ओळीइतकं जड अक्षर मी जन्मात काढलेलं नाही.

पुढची तक्रार तीर्थपुरीच्या कल्याणची, त्याच्या वडिलांबद्दल. गाडी तीच, कुंभार पिंपळगावपासून दहा मिनिटांवर उभी राहणारी. संध्या गेली त्यानंतर चार दिवसांनी त्याचे वडील गेले होते. कल्याणला आत बोलावलं. अध्यक्षांनी गाडीची नोंदवही मागवून घेतली होती, ती उघडून त्यांनी बाईंपुढे ठेवली. एका पानावर आख्ख्या आठवड्याच्या नोंदी होत्या, दिवसाला एक ओळ. बाईंचं बोट कल्याणच्या तारखेपर्यंत पोचलंच नाही, चार ओळी वरच थांबलं. मी मागे उभा होतो, मलाही ती ओळ वाचता आली.

"दिवसभर गाडी जागेवर उभी. पेशंट नाही. कोणाचा निरोप नाही."

बाईंनी मान वर करून अध्यक्षांकडे पाहिलं. ओठ हलले. पण हा विषय आता समितीपुढे नव्हता, दहा मिनिटांपूर्वी मीच तो माझ्या हाताने मिटवला होता. बाईंना ते माझ्याआधी आठवलं. त्यांनी बोट सावकाश चार ओळी खाली आणलं आणि समोर उभ्या कल्याणला विचारलं, "तुझ्या वडलायला किती वाजता तरास सुरू झाल्ता, बाळा?"