पेटीतली पांढरी भुकटी

"सरक तिकडं, ठिकरी डोळ्यात जाईल," म्हणत ओमानं बरणी अंगणातल्या दगडावर आपटली.

डाव्या हातानंच. उजवा हात मनगटातून लुळा पडून महिना झाला होता.

बरणी तिच्या आईची. मक्याचं लोणचं घालायची, आतून तपकिरी झिलईची. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात अशी बरणी लेकीला मिळते ती आई गेल्यावरच. ओमाकडं तीन होत्या. आता दोन उरल्या.

"रक्तात शिसं निघालं. जुन्या झिलईत असतं, आंबटानं सुटतं, म्हणाली डॉक्टरीणबाई," ओमा म्हणाली. "पन्नास वर्षं मिटक्या मारत विष खाल्लं मी. तू कधी आंबटाला तोंड लावलं नाहीस, म्हणून असा टुणटुणीत. आमची आई मेली पण माझा हात घेऊन गेली बघ."

तिचा नवरा व्हर्लिन साइझमोर पायरीवर उभा होता. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. आठ वर्षं तो हेच करत आला होता.

एकतीस वर्षं त्यानं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. चाकांना तोल साधायला शिशाचे तुकडे लावतात, ते जुने झाले की घरी आणायचा. दर शरदात तो आणि धाकटा भाऊ डेल्मर मागच्या शेडमध्ये ते वितळवायचे, साच्यात ओतायचे आणि हरणांच्या शिकारीसाठी गोळ्या करायचे. मग एका मार्चमध्ये खाणीचं छत डेल्मरवर कोसळलं. कंपनीनं फुलं पाठवली. घरात त्याच्या हातच्या चारशे गोळ्या उरल्या.

नीट ठेवलेली गोळी माणसाहून जास्त टिकते. ताजी ओतलेली काही आठवडे कडक होत जाते, पुढं वर्षं सरतात तशी जराशी मऊ पडते, अंगावर राखाडी साय धरते. नातवाच्या बंदुकीतही चालते. फक्त ओल लागू द्यायची नाही, एवढं डोंगरात सगळ्यांना ठाऊक. म्हणून व्हर्लिननं गोळ्या शेडमध्ये ठेवल्या नाहीत. ओकाच्या लाकडाच्या फळ्या रंध्यानं तासून, एक खिळा न मारता पेटी केली, घट्ट झाकणाची, आणि स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या फळीवर ठेवली.

वर्षभरात गोळ्यांवर पांढरी भुकटी आली. पिठासारखी. व्हर्लिनला पेटी उघडवायची नाही, उघडली की रडू फुटायचं. "तुला बघवत नाही ना? मग मी पुसते," ओमा म्हणाली. तेव्हापासून महिन्यातल्या पहिल्या रविवारी ती पेटी खाली घ्यायची. एकेक गोळी भांड्यांच्या फडक्यानं पुसायची, खाचेतली भुकटी फुंकून उडवायची. आणि त्याच हातांनी मक्याची भाकरी थापायची.

आठ वर्षांपूर्वी बंदुकीच्या दुकानातला म्हातारा एस्टिल भुकटीचं ऐकून व्हर्लिनवर ओरडला होता. "ओकात ठेवल्यास? अरे गाढवा, ओकाला आंबूस वाफ असते. बंद पेटीत ती शिसं खाते. ती भुकटी म्हणजे जहर! पत्र्याच्या डब्यात घाल आणि हात धू."

"हो काका," म्हणून व्हर्लिन घरी आला आणि गप्प बसला.

का? कारण पेटी देखणी झाली होती. भावासाठी त्यानं जन्मात एकच गोष्ट मनापासून केली, तीही चुकली, हे बायकोसमोर बोलायची त्याला लाज वाटली. पुढच्या महिन्यात सांगू, असं दर महिन्याला ठरवायचा. तिच्या पोटात कळा यायला लागल्या, ती विसरायला लागली, उगाच खेकसायला लागली, तेव्हा हा म्हणायचा, "वय झालं तुझं." लोक याला भिडस्त स्वभाव म्हणतील. हा भ्याडपणा आहे. भ्याड माणूस हात उगारत नाही म्हणून त्याला चांगला नवरा म्हणतात, इतकंच.

ओमानं दुसरी बरणी उराशी धरून उचलली.

"ठेव ती," व्हर्लिन म्हणाला.

"का रे? आत्ताच सासूचा पुळका आला होय?"

"बरणीत नाहीये, ओमा. डेल्मरच्या पेटीत आहे. ती भुकटी."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. "तुला कधी कळलं?"

आत्ताच सुचलं, असं म्हणता आलं असतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं.

"आठ वर्षं झाली. एस्टिलनं सांगितलं होतं."

ओमानं बरणी हळूच गवतावर टेकवली.

"आठ," ती म्हणाली. "आणि माझं वय झालं होतं."

"मला वाटलं—"

"गप. सांगितलं असतंस तरी गोळ्या पुसल्याच असत्या मी. हातमोजे घालून पुसल्या असत्या, मुडद्या! डेल्मर काय तुझा एकट्याचाच होता?"

व्हर्लिन ठिकऱ्या वेचायला वाकला.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "गाडी काढ. दोन वाजता दवाखान्यात बोलावलंय."

त्यानं पिकअप दारात आणली. ओमा चढून बसली. सीटचा पट्टा तिनं डाव्या हातानं ओढला, पण खटक्यात बसवायला दुसरा हात चालेना. पट्टा निसटून मागं गेला. व्हर्लिननं हात पुढं केला. तिनं तो बाजूला सारला, न बघता.

तिनं पुन्हा पट्टा ओढला. पुन्हा निसटला. व्हर्लिन दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, इंजिन सुरू ठेवून, समोर बघत बसून राहिला.