गादी काढलेला हातमोजा

मी एक जुना हातमोजा आहे. थंडीत घालतात तसला नव्हे. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून जो चेंडू झेलतो, त्याच्या डाव्या हातातला फुगीर, चामड्याचा. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर म्हणाल, हे तर बिनदातांचं बोळकं! खरंच आहे ते. तोंड वासून बसायचं आणि समोरून येणाऱ्या दगडासारख्या चेंडूची वाट पाहायची, एवढंच माझं काम. आणि लपवण्यात काय अर्थ आहे, मी जन्मभर भीतच आलो.

कारखान्यात माझ्या तळव्यात लोकरीची जाड गादी भरली होती. ती गादी म्हणजे माझा धीर. नवा होतो तेव्हा चेंडू आला की माझ्यातून 'धप्' असा सुस्त आवाज निघे, जेवण झालेल्या म्हाताऱ्यानं खाटेवर अंग टाकावं तसा.

मग मी दूरच्या एका बेटावर, सान पेद्रोजवळच्या उसाच्या गावात दॉन फ्रेमिओंच्या हाती पडलो. हे आमच्या गावचे गुरुजी, पण शाळेचे नव्हेत. हात बरा असलेली पोरं हुडकायची, मैदानावर घासायची आणि अमेरिकेतल्या संघांसाठी खेळाडू निवडायला येणाऱ्या पाहुण्यांपुढे उभी करायची, हा त्यांचा उद्योग. संघाच्या करारावर पोराची सही झाली की घराला सिमेंटचं छप्पर चढतं आणि त्यातली एखादी खोली दॉन फ्रेमिओंची, असं समजायला हरकत नाही. त्यांनी माझ्यात एकदा चेंडू आपटून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"हा झोपलाय."

मग त्यांनी चाकूनं माझी शिवण उसवली, गादी उपसून काढली, तळव्याला तेल चोळलं आणि मला पुन्हा शिवलं.

"अहो, झेलणाऱ्याचा हात सुजेल ना!" कुणीतरी म्हणालं.

"सुजू दे. पाहुण्याच्या हातातलं यंत्र वेग मोजतं, पण पाहुण्याला कान असतात की नाही? आणि गाव तर फक्त कानांनीच बघतं."

तेव्हापासून मी बंदुकीसारखा वाजू लागलो. धाड्! दुकानाच्या ओट्यावर डॉमिनो खेळणारे हातातली सोंगटी हातात धरून माना वळवत. "ऐकलंस? हा पोरगा अमेरिकेला जाणार बघ!" मला मात्र प्रत्येक वेळी वाटे, आता फाटलो.

या आवाजावर गावानं किती पोरांना डोक्यावर घेतलं! एकाचं चित्र दुकानाच्या भिंतीवर रंगवलं. तो तिकडच्या सगळ्यात खालच्या संघातूनच परत आला आणि आता त्याच भिंतीला भाड्याची मोटारसायकल टेकवून गिऱ्हाइकाची वाट बघतो. वरच्या चित्रातला तो अजून चेंडू फेकतोय. दुसऱ्याला गाव 'तोफ' म्हणायचं. आजही तोफच म्हणतं, फक्त आता हसून. टोपणनाव देताना गाव कुणाला विचारत नाही, मित्रांनो, आणि दिलेलं परतही घेत नाही.

तिसरा विल्किन. शेवटची काही वर्षं मी त्याच्या हातात होतो. त्याच्या उजव्या कोपरावर गोमेसारखा लांब व्रण आहे. एके काळी तो फेकणारा होता, गावाचं सोनं होता. दुखतंय हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायला कुणी उरलंच नव्हतं. सगळे टाळ्या वाजवत होते. शेवटी कोपर फाडावं लागलं आणि सोनं घरी आलं.

त्याच्या मावशीचा, नेरेइदाचा मुलगा राधामेस. सोळा वर्षांचा, काठीसारखा लांब. याला गावानं 'वीज' म्हटलं. पाहुणा येत्या शनिवारी येणार हे कळलं, तेव्हा शेजारीण नेरेइदाला म्हणाली, "आता तुझ्या डोक्यावर सिमेंट! स्वयंपाकघराचे पत्रे मला दे की. माझं गळतंय." नेरेइदा हसली आणि सही व्हायच्या आधीच तिनं पत्रे काढून दिले. आमच्या गावात यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात मला पहिल्यांदा कळलं. चेंडू वेगानंच येत होता, पण माझ्यात शिरताना त्यात एक कंप असे, तापात दात वाजावेत तसा. आत विल्किनची बोटं गार पडली.

"काय रे, कोपर?" त्यानं विचारलं.

"नाही दादा."

"माझ्याशी खोटं बोलतोस?"

राधामेस पायानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "दादा, आईनं पत्रे देऊन टाकलेत."

विल्किन दॉन फ्रेमिओंकडे गेला. ते म्हणाले, "शनिवारी थोडेच चेंडू टाकायचेत. मग महिनाभर झोप म्हणावं त्याला. तू तोंड उघडू नकोस."

शनिवार उजाडला. मैदानाच्या कडेला माणसं दाटली होती. नेरेइदानं सांकोचोचं, म्हणजे मांस आणि कंद घातलेल्या रश्शाचं, भलंमोठं पातेलं झाडाखाली चढवलं होतं, सही झाल्यावर गाव जेवणार म्हणून. पाहुणा यंत्र घेऊन आमच्या पाठीमागे उभा राहिला. मी तोंड वासलं. मला वाटलं, हे सगळे ज्याची वाट बघतायत ते माझ्यावर येऊन आदळणार आहे आणि त्यात काहीतरी तुटणार आहे. माझं किंवा त्या पोराचं.

धाड्! पाहुण्यानं मान डोलावली. गाव ओरडलं, "वीज! वीज!"

धाड्! धाड्! आणि मग एक चेंडू असा आला की टाकून झाल्यावर राधामेसनं हात खाली सोडलाच नाही. छातीशी धरला, जखमी पाखरू धरावं तसा. पाहुणा यंत्राकडे बघत होता, गाव माझा आवाज ऐकत होतं. पोराच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांकडे फक्त विल्किन बघत होता.

"आता खरा जोर लाव, पोरा!" दॉन फ्रेमिओ ओरडले.

विल्किन उठला. मला हातातून काढून त्यानं काखेत मारलं आणि तो सरळ चालत राधामेसपाशी गेला.

"बस झालं."

"दादा, मागे जा ना. लोक बघतायत."

"बघू देत. मलाही बघत होते."

दॉन फ्रेमिओ धावत आले. "डोकं फिरलं का तुझं? पाहुणे खोळंबलेत!"

"मग तुम्ही झेला. हा घ्या. गादी तुम्हीच काढलीय, घाला हात."

दॉन फ्रेमिओंनी हात पुढे केला नाही. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "स्वतःचं झालं नाही म्हणून भावाचं मोडतोय, मेला!" काखेत मला विल्किनचं काळीज ऐकू येत होतं. माझ्यापेक्षा जोरात वाजत होतं ते.

तेवढ्यात नेरेइदा पळी हातात घेऊन मैदानात आली. ती कुणाच्या बाजूनं बोलणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तर चामडं आखडून घेतलं. तिनं ना विल्किनकडे पाहिलं, ना पाहुण्याकडे.

"राधामेस, हात वर कर."

"आई, काही नाही झालेलं."

"वर कर म्हणते ना."

हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. पोराच्या डोळ्यांतून पाणी आलं. नेरेइदानं क्षणभर आपल्या बिनछपराच्या स्वयंपाकघराच्या दिशेला पाहिलं.

"चल घरी."

"आणि पत्रे?" राधामेसनं विचारलं.

"मागून आणीन. शेजारणीनं खाल्ले थोडेच असतील!"

पाहुणा यंत्र पिशवीत घालून निघून गेला. सांकोचो गावानं खाल्लाच, कुरकुरत. डॉक्टर म्हणाले, हाड आणि शिरा अजून जागेवर आहेत, पण वर्षभर चेंडूला शिवायचं नाही. पुढे तो फेकेल की नाही, हे कुणीच सांगत नाही. काहीजण त्याला 'विझलेली वीज' म्हणतात. विल्किनला मैदानावर कुणी बोलावत नाही. मी त्याच्या घरात खिळ्याला लटकलोय, चामड्याला भेगा पडल्यात. दुरून दुसऱ्या कुणा मोज्याचा धाड् असा आवाज आला की आजही दचकतो.

मित्रांनो, तुमच्या गल्लीतही एखादं पोर असेल, गाण्यात, गणितात नाहीतर खेळात, ज्याच्याकडे बोट दाखवून सगळे म्हणत असतील, हे नाव काढणार. त्याला टाळी जरूर द्या. पण आधी जवळ जाऊन हळूच विचारा, दुखतंय का रे? आणि ते 'नाही' म्हणालं, तर लगेच विश्वास ठेवू नका. हात वर करायला सांगा.