पायाखालचा ब्रेक

वन्सं चुकीच्या बाजूने गाडीत बसल्या. एजंट चालकाच्या बाजूचं दार उघडून, किल्ली पुढे करून उभा होता, आणि या पलीकडून वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. पट्टा लावला, आरशात पाहिलं आणि समोर बघत म्हणाल्या, "हं, चला."

एजंटाला वाटलं, गाडी त्यानेच चालवायची आहे. तो वाकून बसायला लागला. माझ्या मुलाने मागच्या दारातून डोकं आत घातलं.

"आत्या, अगं गाडी तुला घ्यायचीय. तिकडे बस."

"अरे हो," वन्सं म्हणाल्या. पट्टा काढून त्या उतरल्या आणि उतरल्यावर तशाच उभ्या राहिल्या, निघालो कुठे होतो तेच विसरल्यासारख्या.

त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, तरी मुलगा हसला. मला हसू आलं नाही. माझी ही नणंद तीस-बत्तीस वर्षं बायकांना गाडी शिकवत होती, आणि एवढी वर्षं तिची जागा तीच होती, शेजारची. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या मालकाकडे बायका यायच्या, पण परक्या पुरुषाशेजारी बसून शिकायला त्यांच्या घरचे नाखूश. म्हणून त्याला एक शिकवणारी बाई हवी होती. वन्संनी नुकतंच लायसन्स काढलं होतं. काही महिने त्यांनी गाडी चालवली असेल, मग त्या पलीकडच्या सीटवर गेल्या आणि तिथेच राहिल्या. त्या सीटसमोर पायाशी एक जादा ब्रेक असायचा. शिकणारणीचा हात चुकला, की वन्संचा डावा पाय खाली जायचा. पोरीबाळी त्यांना पाठीमागे ब्रेकबाई म्हणायच्या. पुढे पुढे तोंडावरही म्हणायला लागल्या, आणि त्यांनाही त्याचं काही वाटेनासं झालं.

घरीसुद्धा तो पाय गप्प बसत नसे. हे जेवताना ऑफिसातली एखादी गोष्ट रंगवून सांगायला लागले, की टेबलाखाली वन्संची टाच दाबली जायची. मग हे म्हणायचे, "अगं, ब्रेक सोड. पूर्ण बोलू तरी दे मला."

शिकवण्याचा पहिला सराव वन्संनी माझ्यावर केला होता. मी नवी नवरी होते, नाही म्हणायची सोय नव्हती. मालकाच्या फाटकाजवळच्या कुंड्या मी आडव्या केल्या आणि त्यानंतर आजतागायत स्टिअरिंगला हात लावला नाही. वन्सं मात्र रोज सकाळी सातला जायच्या, दिवसभर दुसऱ्यांना गाडीत फिरवायच्या आणि संध्याकाळी बसला लोंबकळत घरी यायच्या. आमच्याकडे गाडी कधी नव्हतीच. स्कूलच्या गाड्या स्कूलच्या.

हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. माझ्या खांद्याच्या व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जावं लागतं, आणि बसची पायरी आता दोघींनाही उंच वाटते. वन्सं निवृत्त झाल्या तेव्हा म्हणाल्या, "वहिनी, एक गाडी घेऊ या. जुनीच. रोजच्याला." मला वाटलं, एखादी साधी, पांढरी, चार चाकांची काहीतरी घेतील. पण बसच्या वाटेवर या जुन्या गाड्यांच्या एजंटाचं आवार होतं आणि तारेच्या कुंपणामागे एक गाडी उभी असायची. बुटकी, रुंद चाकांची, गाजराच्या रंगाची. बस तिथून जायची तेव्हा वन्सं बोलता बोलता थांबायच्या. एक दिवस म्हणाल्या, "ती गाजरासारखी आहे ना, ती बघून येऊ या का?"

मी गोंधळले ती तेव्हापासून.

"रोजच्या वापराला एकदम छान आहे मॅडम," एजंट सांगत होता. "स्पोर्टी आहे, पण गावातसुद्धा आरामात चालते. मागे सामानाला जागा आहे. आणि चालवायची मजा वेगळीच."

"मजा म्हणजे?" वन्संनी विचारलं. थट्टेने नाही, खरंच विचारलं.

एजंट अडखळला. "म्हणजे... मजा मॅडम. तुम्ही बसा, कळेल."

"आत्या, ही कॉलेजच्या पोरांची गाडी आहे," माझा मुलगा म्हणाला. "बूड जमिनीला टेकतंय. आईला आत घालायला शूहॉर्न लागेल, बूट चढवायला लागतो तसला."

"मी काय बूट आहे?" मी म्हणाले. पण मागच्या सीटवर बसताना मला खरोखरच आधी डोकं, मग खांदा, मग उरलेलं असं हप्त्याहप्त्याने आत जावं लागलं.

वन्संनी गाडी सुरू केली. आवाज असा आला, की माझ्या पोटात कुणीतरी खुर्ची सरकवली. मग त्या बोलायला लागल्या.

"आरसा बघा. क्लच दाबा. पहिला टाका. हळू सोडा, हळू, घाई नाही."

"हो मॅडम," शेजारी बसलेला एजंट म्हणाला.

"तुम्हाला नाही सांगत."

त्या स्वतःलाच सांगत होत्या, तेही अहो-जाहो करून, जशा शिकणारणींना सांगायच्या. गाडी चांगली चालली होती. मला वाटलं, झालं, उगाच काळजी केली. गल्लीच्या तोंडाशी एक सायकलवाला एकदम पुढे आला. काही विचार न करता वन्संनी डावा पाय दणकन खाली दाबला.

स्कूलच्या गाडीत तिथे ब्रेक होता. इथे क्लच. इंजिन सुटं होऊन भुंकायला लागलं आणि गाडी थांबायची सोडून सुळकन पुढे सरकली. एजंटाने हँडब्रेक ओढला. आम्ही सगळे पुढे आपटून मागे आलो. सायकलवाल्याने वळून पाहिलं.

"काकू, घरच्यांशी भांडून निघालात वाटतं," असं म्हणून तो गेला.

वन्सं हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मग एजंटाला म्हणाल्या, "तुम्ही न्या परत."

आवारात आल्यावर मुलाने ऑटोमॅटिक गाडी दाखवायला लावली. पांढरी, उंच, आत बसायला सोपी. "हिच्यात क्लचच नाही आत्या. गोंधळच नको." वन्सं निमूट बसल्या. ही गाडी त्यांनी मोठ्या रस्त्यावरून फिरवून आणली आणि कुठेही काही झालं नाही. फक्त दर थोड्या अंतरावर त्यांचा डावा पाय ब्रेक शोधून दाबायचा. समोर कुत्रं असलं तरी, कुत्रं येईलसं वाटलं तरी. आम्ही सगळे वाटभर कुणाला तरी होकार देत असल्यासारख्या माना हलवत होतो.

"बघ, किती सेफ," मुलगा म्हणाला.

"विचार करते," वन्सं म्हणाल्या.

पुढचे दिवस त्या विचाराने आमच्या घरात ठाण मांडलं. मी आदल्या दिवशी पांढरीची बाजू घेतली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मला गाजर आठवायचं आणि मी म्हणायचे, "वन्सं, मनात आहे ती घ्या." संध्याकाळी मुलाचा फोन यायचा आणि मी पुन्हा पांढरीकडे. एका गाडीत बसायला सोपं, दुसरीच्या सीटा चांगल्या. एक कमी पेट्रोल पिते, पण दुसरीला म्हणे टर्बो आहे. टर्बो म्हणजे काय ते मी मुलाला विचारलं, त्याने समजावून सांगितलं, आणि त्यानंतर मला आधी जेवढं कळत होतं तेवढंही कळेना.

"टर्बो आपल्याला कशाला हवा?" मी विचारलं.

"तेच मला कळत नाहीये," वन्सं म्हणाल्या. "पण ती नको म्हणायला लागलं ना, की डोळ्यापुढे तीच येते."

एका दुपारी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर वन्सं जेवणाच्या खुर्चीवर ताठ बसलेल्या. समोर जमिनीवर चपला मांडलेल्या, माझी एक, त्यांच्या दोन. डाव्या पायाखाली माझी, उजव्याच्या आसपास त्यांच्या. डावा दाबायच्या, सोडायच्या. उजवा इकडून तिकडे न्यायच्या. मला बघितल्यावरही थांबल्या नाहीत.

"वहिनी," थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला चालवता येत नाही बहुतेक."

"काहीतरीच काय."

"नाही, खरंच. जन्मभर गाडीत बसले आणि मला येत नाही."

"अहो, अर्ध्या गावाला तुम्ही शिकवलंत. बँकेतली ती शिकली, डॉक्टरीणबाई शिकल्या, त्यांची सून शिकली. सगळ्या चालवतायत."

"त्या चालवतायत," वन्सं म्हणाल्या. "मी थांबवत होते."

माझी चप्पल त्यांच्या पायाखाली होती आणि ती मागायचं धैर्य होईना. त्या दिवशी मी घरभर एक पाय अनवाणी ठेवून फिरले.

मग एकाएकी एजंटाचा फोन आला. गाजराला दुसरं गिऱ्हाईक आलंय, दुपारी बघायला येणार आहे, तुमचं काय ते सांगा. वन्संनी फोन खाली ठेवला. मला वाटलं, सुटलो. एक गाडी आपोआप गेली की निवडायचं काय उरलं? उलट वन्सं आत जाऊन बूट घालून आल्या. साडीवर बूट त्या फक्त शिकवायला जाताना घालत.

"चला वहिनी."

"मुलाला बोलावू का?"

"नको. तो फार समजूतदार आहे."

बसने गेलो. आवारात एजंट किल्ली घेऊन पुढे आला आणि आपल्या बाजूला बसायला निघाला.

"तुम्ही इथेच थांबा," वन्सं म्हणाल्या. "वहिनी बसतील शेजारी."

"यांना येते गाडी?"

"नाही येत. म्हणूनच."

एजंट माझ्याकडे बघायला लागला. मी तरी काय सांगणार, मलाही कळलं नव्हतं. "अहो, पळून जायचं वय राहिलंय का आमचं," वन्सं त्याला म्हणाल्या, तेव्हा कुठे त्याने किल्ली दिली.

या वेळी वन्सं सरळ चालकाच्या बाजूला गेल्या. दाराच्या मुठीवर हात ठेवून जरा थांबल्या, तेवढंच. मी शेजारच्या सीटमध्ये हळूहळू उतरले. विहिरीत उतरतात तशी. समोर काच, काचेपुढे सगळा रस्ता, आणि पायाशी नुसती रबराची चटई.

"ती पांढरी आहे ना," आरसा नीट करत वन्सं म्हणाल्या, "तिच्यात माझ्या डाव्या पायाला काही कामच नाही. रिकामा बसला की तो जुनं काम काढतो. हिच्यात त्याला कामाला लावता येईल. लागला कामाला तर लागला."

"आणि नाही लागला तर?"

"म्हणून एजंटाला नको म्हटलं. तो शेजारी बसला, की हँडब्रेक ओढायला कुणीतरी आहे असं वाटत राहतं."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं की उतरून जायला हवं होतं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

गाडी निघाली. पहिल्या वळणापर्यंत त्या "आरसा, क्लच, हळू सोडा" म्हणत होत्या. मोठ्या रस्त्याला लागल्यावर नुसतं "क्लच" म्हणाल्या. मग काहीच म्हणाल्या नाहीत. मी त्यांना गाडीत गप्प बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. खिडकीतून वारा येत होता, त्यांच्या कानामागची बट उडत होती आणि ती सारखी करायला हात उचलत नव्हत्या. चेहऱ्यावर हसू होतं असं म्हणवत नाही. सुईत दोरा ओवताना माणूस जसं दिसतं, तशा दिसत होत्या.

त्याच गल्लीच्या तोंडाशी एक मालाचा टेम्पो मागे मागे येत आमच्या समोर निघाला. माझे डोळे मिटले गेले. मी जिवाच्या कराराने चटई दाबली. गाडी सावकाश थांबली. धक्काही बसला नाही. डोळे उघडून पाहिलं, तर टेम्पोवाला हात दाखवून निघून जात होता, आणि वन्संचा उजवा पाय ब्रेकवर होता, डावा क्लचवर. जिथल्या तिथे.

वन्संनी पहिला टाकला आणि गाडी पुन्हा निघाली.

परत आलो तेव्हा आवाराच्या फाटकाशी एजंट उभा होता आणि त्याच्याबरोबर एक तरुण जोडपं. त्यातला मुलगा आमच्या गाडीच्या चाकांकडे बघत होता, मुलगी माझ्याकडे. वन्संनी गाडी आत घेतलीच नाही. फाटकासमोर उभी करून खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"त्यांना सांगा, ही गेली म्हणून."

"घेताय मॅडम? नक्की?"

"घेतेय. आम्ही आणखी एक चक्कर मारून येतो."

त्यांनी आरशात पाहिलं. मग क्लच अर्धा सोडून, पुढे बघतच म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या पायाखाली काही नाहीये."

"माहीत आहे."

"मग दाबताय काय मघापासून?"

मी खाली पाहिलं. माझी चप्पल चटईत रुतली होती आणि पायाचा अंगठा पांढरा पडला होता.

"सोडा," वन्सं म्हणाल्या. "मी आहे."

मी दोन्ही पाय मागे सीटखाली ओढून घेतले आणि पदर मांडीवर सारखा केला.