घरचा बस्ता

"ही बघा वहिनी, एकदम नवीन!" म्हणत दिग्विजयशेठनं साडी गादीवर फेकली आणि माझं डोकं फिरलं. नवीन म्हणे! दोन वर्षांपूर्वी मीच ती खालच्या कप्प्यात ढकलली होती. रंग उडालेला, घडीवर विरलेला माल तिथं पडतो. लग्नाच्या गिऱ्हाइकाला तो कप्पा दाखवायचा नाही, हे मला शेठच्या वडिलांनी शिकवलं होतं. आज त्यातूनच एकेक साडी निघत होती, आणि समोर बसलो होतो मी, माझी बायको फुलाबाई आणि आमची प्रियदर्शनी.

नवी पेठेतल्या या दुकानात सोळा वर्षं मी साड्या उलगडल्या. गिऱ्हाईक म्हणून बसायची ही पहिलीच वेळ. पाय कुठं घ्यावेत कळेना. हात सारखे घड्या घालायला धावत होते.

चूक माझीच. गेल्या दिवाळीत शेठ म्हणाला, "बिरुदेव, गावाकडचे बस्ते आण. पगार वेगळा, वर शेकडा दोन." मी कागद मागितला नाही. पिशवीतला बिरोबाचा भंडारा काढून पुढं धरला. आमच्यात देवाची ही हळद उचलली की शपथ झाली, विषय संपला, वर कागद मागणं म्हणजे माणसाला तोंडावर चोर म्हणणं. शेठनं चिमूटभर कपाळाला लावला आणि लगेच रुमालानं बोटं पुसली. बोटं पुसताना बघूनही मला अक्कल आली नाही! मोहोळपासून सांगोल्यापर्यंत गाडी फिरवली, एकतीस लग्नांचे बस्ते या गादीवर आणून बसवले. साठ हजारांच्या वर माझे झाले. मागायला गेलो तर शेठ म्हणाला, "गिऱ्हाईक दुकानाच्या नावावर येतं रे. तुझ्या तोंडाकडं बघून कोन येतंय?" महिनाभर मागं लागलो तेव्हा म्हणाला, "रोख न्हाय. पोरीचं लगीन हाय न्हवं? बस्ता हितनंच ने. फिटलं."

लग्न रविवारी. दुसरा पैसा नाही. म्हणून आलो झक मारत.

"बाबा, ही," प्रियदर्शनी हळूच म्हणाली. तिच्या मांडीवर डाळिंबी रंगाची साडी होती. पाठवणीला हीच नेसायची, असं तिच्या तोंडावरच दिसत होतं. पोरगी कधी काही मागत नाही. मी घडीखाली बोट सरकवलं. बोट सरळ आरपार आलं.

"शेठ, ही फाटलीया."

"जराशी. लग्नाच्या गर्दीत घडी कोन बघतंय? बत्तीसशे लावतो."

बत्तीसशे! नव्या साडीचा भाव! मी तोंड उघडणार, तेवढ्यात जिन्यावर गलका झाला. मोहोळजवळच्या वाडीतून चिमाबाई आल्या होत्या, सोबत नातीच्या लग्नाची दहा-बारा माणसं.

"बिरुदेव कुटं हाय?" चिमाबाईंनी वर येता येताच विचारलं.

शेठ माझ्या कानाशी आला. "ऊठ, आदी त्यांचं बघ. मोठा बस्ता हाय. तुजं काय, घरचंच की."

घरचंच! माझ्या पोरीच्या मांडीवर फाटकी साडी टाकायची, आणि मी उठून दुसऱ्याच्या पोरीला चांगली दाखवायची. कानशिलं तापली.

"न्हाय शेठ. आज मी गिऱ्हाईक हाय."

"बस बाबा, बस," चिमाबाई म्हणाल्या. "पोरीचं व्हऊ दे. आमी थांबतो की. तुज्याबिगर हितं आमाला कोन वळखतंय?"

मी शेठकडं बघितलं. "ऐकलं न्हवं?"

"तुज्या शेकड्याचं दिवाळीला बघू," शेठ म्हणाला. त्यानं नजर फिरवली, डाळिंबी साडी उचलली आणि फाटलेली बाजू आत घालून माझ्या पोरीच्या बस्त्यावर ठेवली.

मी उठलो.

"आवं," फुलाबाईनं माझा सदरा धरला, "रविवारी लगीन हाय."

"म्हाईत हाय."

"मग नेसवायचं काय तिला?"

नोकरी गेली, पैसे गेले आणि बस्ताही गेला, तेही एका दमात. खोटं कशाला सांगू, पुन्हा खाली बसावंसं वाटलं. पण ही साडी पोरगी सासरी पहिल्यांदा धुणार, पिळणार, आणि सासू ती उजेडात धरणार. बिरुदेव साडीवाल्यानं पोरीला हे दिलं? छ्या!

"फाटकं न्हाय नेसवायचं," मी म्हणालो.

"उद्यापास्नं यायचं न्हाय मग," शेठ ओरडला.

"येत न्हाय."

चिमाबाई गोंधळल्या. "आरं, आन् आमाला कोन दाखवनार?"

"शेठ दाखवत्यात. नीट बघून घ्या, मावशी. उलगडून घ्या."

फुलाबाईनं सदरा सोडला. तिनं पदर खोचला, पोरीला हाताला धरून उठवलं. माझ्याकडं मात्र तिनं बघितलं नाही.

डाळिंबी साडी तशीच पडली होती. गादीवर विस्कटलेली साडी सोडून उठायची मला सवय नाही. मी वाकलो, ती पूर्ण उलगडली, काठाला काठ लावला आणि हातानं दाबत चौकोनी घडी घातली. फाटलेली बाजू वर ठेवली, चिमाबाईंच्या समोर.

जिना उतरताना प्रियदर्शनी म्हणाली, "रंग लई चांगला हुता, बाबा."

"चांगला हुता," मी म्हणालो, आणि तिच्या चपला शोधून पायाशी ठेवल्या.