दाराच्या आतल्या अकरा ओळी

मित्रांनो, शेडचे मोठे दार ढकलून आत आलात की डाव्या हाताला ताडपत्रीखाली जो उंच ढीग दिसतो, तो मी. मी एक जुना हार्वेस्टर आहे. पीक कापायचे, मळायचे आणि दाणा टाकीत भरायचा, हे माझे काम. वर्षातले वीस दिवस मला श्वास घ्यायला फुरसत नसते. उरलेले दिवस मी भिंतीकडे तोंड करून उभा असतो. उंदीर सोडले तर माझी विचारपूस कोणी करत नाही, आणि त्यांचाही डोळा माझ्या वायरींवर असतो.

नवा होतो तेव्हा मी पिवळाधमक होतो. मला बघायला माणसे बांधावर उभी राहत. मालक स्वतःच्या शर्टाच्या बाहीने माझी काच पुसत. पुढे मला बनवणारा कारखाना बंद पडला. माझ्याबरोबर जन्मलेले भाऊ एकेक करून भंगारात गेले. दुकानात माझे नाव काढले की दुकानदार आधी हसायचा आणि मग मान हलवायचा.

तरी मी टिकलो, तो मिस्त्रींमुळे. जाड भिंगांचा चष्मा आणि त्याहून जाड बोटे. माझा सुटा भाग मिळेनासा झाला, की ते दुसऱ्या कशाचा तरी शोधून आणत. माझ्या डाव्या कुशीत जुन्या बसच्या चाकाचे बेअरिंग आहे. एक स्प्रिंग तर पाण्याच्या पंपाची आहे. असे काही बसवले की माझ्या कुशीवरच्या पत्र्याच्या दाराच्या आतल्या बाजूला ते तेलकट खडूने एक ओळ लिहीत. अशा अकरा ओळी झाल्या होत्या. खिशात टेप असायची, पण टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. मापे सगळी बोटांची. लिहिता लिहिता ते म्हणत, "मी विसरेन रे. तू विसरू नकोस."

मी विसरलो नाही. पण मला बोलता कुठे येते?

मागच्या थंडीत मिस्त्री वारले. मला कोणी येऊन सांगितले नाही. हंगाम तोंडावर आला, शेडचे दार उघडले आणि ते आले नाहीत, तेव्हा मी समजलो.

आली ती मालकांची सून. आता मला तीच चालवणार होती. रॉकेल आणि चिंध्या घेऊन तिने मला आतून-बाहेरून लख्ख केले. ते पत्र्याचे दारही. एकेक ओळ मोठ्याने वाचायची, गंमत समजून हसायची आणि पुसून टाकायची. किती वर्षांनी कोणी माझ्या अंगावरून मायेने हात फिरवत होते. खरे सांगतो, मला फार बरे वाटत होते, आणि त्याच वेळी माझ्या काळजाचे पाणी पाणी होत होते.

निम्मा गहू कापून झाला आणि माझा मोठा पट्टा तुटला. त्याच्या अशा चिंध्या झाल्या की माप घ्यायला धड तुकडा उरला नाही. माझी ती पुली चालता चालता रुंद-अरुंद होणारी. तिला दोरी गुंडाळून बघितली तर दर खेपेला माप वेगळे. सुनेने धावपळ करून दोन पट्टे आणले. एक घसरू लागला, दुसरा चढेचना. वर ढग जमत होते. मालक बांधावर बसून म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत बघू. नाहीतर दुसऱ्याचं मशीन बोलावतो, आणि याला भंगारात देऊन टाकू." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

सून त्या स्वच्छ दारासमोर मटकन बसली. "बाबा, इथं सगळं लिहिलं होतं. मीच पुसलं."

मालकांनी तिला बोल लावला नाही. ती डोळे मिटून आठवू लागली. जिला सर्वांत जास्त हसली होती, तीच ओळ आधी आठवली. मोठा पट्टा पिठाच्या गिरणीचा चालतो, फक्त चार बोटे लांब घ्यावा. मालक खिन्न हसले. म्हणाले, मिस्त्रीची चार बोटे म्हणजे आपली पाच की सहा, हे आता कोण सांगणार?

मी सांगितले असते. पण तिने मान वर केली आणि तिलाच दिसले. दाराच्या वरच्या कडेला, जिथे तिचा हात पोचला नव्हता, तिथे मिस्त्रींच्या पंजाचा काळा ठसा होता. दार लावताना ते रोज तिथेच हात टेकत. ती माझ्या टायरवर चढली. त्या चार बोटांवर सुतळी आडवी धरून तिने दोन गाठी मारल्या आणि गिरणीकडे पळाली.

गिरणीच्या पट्ट्याच्या मापात ती चार बोटे मिळवून दुकानातून आणलेला पट्टा दुसऱ्या दिवशी असा बसला की जणू माझ्याबरोबरच जन्मला होता. पाऊस येण्याआधी शेत मोकळे झाले. लोकांनी माझे कौतुक केले. माझे लक्ष मात्र त्या ठशाकडे होते.

नंतर सुनेने ब्रशने पक्क्या रंगात यादी पुन्हा लिहिली. एक ते अकरा आकडे टाकले, पण सातच ओळी आठवल्या. उरलेल्या चार आकड्यांपुढची जागा मोकळी राहिली. तो ठसा तिने पुसला नाही.

मित्रांनो, यंत्राला तेल लागते, तसे त्याला ओळखणारे माणूसही लागते. अशी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, त्यांना विचारून ठेवा.

परवा ताडपत्री घालण्याआधी सुनेने मला एकदा चालू केले. डावीकडून कुरकुर ऐकू आली. तिने पत्र्याला कान लावला, मग यादीतल्या नऊ आकड्यापुढच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून विचारले, "इथं मिस्त्रीकाकांनी कशाचं बेअरिंग बसवलं होतं रे?"

ती मलाच विचारत होती. मग माझ्यावर ताडपत्री घालून, शेडचे दार ओढून गेली.

बसच्या चाकाचे, मित्रांनो. तुमच्यापैकी कोणाला ती भेटली, तर तिला एवढे सांगाल?